लाकडाची करवत आणि दगडाचा हट्ट

शुक्रवारची सकाळ म्हणजे बहारीनमधल्या मराठी संसारात राहून गेलेल्या कामांचा दिवस. गळका नळ, करकरणारे दार, भिंतीवरचा खिळा, सारे जण शुक्रवारची वाट पाहत असतात. आमच्याकडे या यादीत सौ.चे एक काम वर्षभर मुक्काम ठोकून होते. स्वयंपाकघरातल्या ओट्याला जोडून मिक्सरपुरती एक फळी हवी होती, आणि तीही लाकडाची नव्हे, काळ्या ग्रॅनाइटची. एका इमारतीच्या कामातून उरलेला तुकडा मी स्वस्तात उचलून आणला. तो नेमका नऊ इंच लांब निघाला. दगडाच्या दुकानदाराने कापण्याचे दोन दिनार सांगितले आणि "पुढच्या आठवड्यात या" म्हणाला.

दोन दिनारांचे काही नव्हते, प्रश्न अभिमानाचा होता. घरात विजेवर चालणारी गोल करवत आहे. तिच्यावर मी पुस्तकांचे कपाट स्वतः केले आहे. मग दगडाने काय घोडे मारले? बाजारातून दगड कापायचे हिऱ्याचे पाते आणले, लाकडाचे पाते उतरवून ते चढवले आणि बाल्कनीत बैठक मारली.

पुढच्या दोन मिनिटांत एवढी धूळ उडाली की समोरची इमारत दिसेना. खालच्या मजल्यावरच्या वहिनींचे वाळत घातलेले कपडे पांढरे झाले. घाबरून मी बटण सोडले आणि करवत उचलली. या करवतीच्या पात्याला खालून एक झाकण असते. करवत उचलली की ते स्प्रिंगने आपोआप मिटते. त्या दिवशी त्यात दगडाची भुकटी भरली आणि ते उघडेच राहिले. पाते अजून फिरत होते. नेहमीच्या सवयीने मी करवत जमिनीवर टेकवली, तर ती फरशीवरून थेट माझ्या पायावर धावून आली. चपलेची कड गेली, अंगठा वाचला.

आवाज ऐकून शेजारचे रत्नागिरीचे काका आले. त्यांनी आधी प्लग काढला, मग माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "अहो, करवत सुताराची आणि दगड पाथरवटाचा. मध्ये तुम्ही कोण?"

मी म्हटले, "काका, तुमच्या कोकणात चिरे करवतीनेच कापतात ना?"

"कापतात. पण तो जांभा! आधी दगडाची जात विचारावी, मग करवतीला हात लावावा."

वाचकहो, काकांच्या या एका वाक्यात सगळे शास्त्र आले. लाकडाला तंतू असतात. करवतीचे दात ते तंतू तोडत पुढे जातात. ग्रॅनाइटला तंतू नाहीत, तो दातांनी तुटत नाही. त्याला झिजवावे लागते. म्हणून जुन्या काळी संगमरवर कापणारे कारागीर बिनदातांची लोखंडी पट्टी घेत, तिच्याखाली वाळू आणि पाणी सोडीत आणि तासन्‌तास पुढे-मागे ओढीत. कापायची ती वाळू, पट्टी फक्त तिला फिरवायची. आजचे हिऱ्याचे पाते हेच काम करते. त्याच्या कडेला हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात. ते कापत नाही, घासते. लाकडाचे दातेरी पाते मात्र ग्रॅनाइटवर कधीही चालवू नये. त्याच्या दातांवरचे कठीण धातूचे टवके गोळीसारखे उडतात.

पण सगळेच दगड असे हट्टी नसतात. कोकणातला जांभा खाणीत ओला असताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो. पूर्वी तो हत्याराने तासून काढीत. आता रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या चिरेखाणींत रुळांवरून सरकणारी गोल पात्यांची यंत्रे चिरे पाडतात. फ्रान्सिस बुकानन या इंग्रजांच्या नोकरीतल्या संशोधकाने केरळात अंगाडिपुरमला हाच दगड पाहिला. विटेसारखा सहज कापता येतो म्हणून त्याने १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लॅटर' म्हणजे वीट. इंग्लंडमध्ये बाथ गावाजवळचा चुनखडक खाणीतच लांब दातेरी हातकरवतीने कापीत. आणि आपल्याकडचा सिपोरेक्सचा ठोकळा तर साध्या हातकरवतीने पावासारखा कापता येतो, कारण त्याच्या पोटात हवेची छिद्रेच छिद्रे असतात.

दूर कशाला, आपल्या बहारीनमध्येच पाहा. मुहर्रकला शेख ईसा बिन अली यांचा जुना वाडा आहे. तो पाहायला गेलात तर भिंतींकडे जरा निरखून बघा. समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगड, त्याच्याबरोबर 'फरूश' नावाच्या पातळ समुद्री लाद्या आणि वर जिप्समचा गिलावा. जिप्सम इतका मऊ की नखाने ओरखडा उठतो. म्हणून तर त्यावर ती सुंदर नक्षी पात्यांनी कोरता आली. मोत्यांच्या व्यापाराची साक्ष देणारी मुहर्रकमधली जुनी घरे २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. या बेटावर कठीण दगडाशी झुंज घेण्यापेक्षा मऊ दगडाशी जमवून घेणारे कारागीर होते.

तेव्हा घरातल्या दगडाची जात कशी ओळखावी? लोखंडी खिळा घ्या आणि न दिसणाऱ्या बाजूला ओढा. ओरखडा उठला आणि त्या जागी लिंबाचा रस टाकल्यावर बारीक फेस आला, तर तो संगमरवर किंवा चुनखडक. खिळाच झिजून दगडावर करडी रेघ उमटली, तर तो ग्रॅनाइट किंवा त्याच्या जातीचा. पहिल्याशी घरी थोडेफार जमते. दुसऱ्याशी शक्यतो नको.

तरीही ज्यांना राहवत नाही, त्यांच्यासाठी काकांनी सांगितलेल्या चार गोष्टी.

पहिली, पात्यावर छापलेला वेग पाहावा. सात इंची लाकडी करवत मिनिटाला साधारण पाच हजार फेरे घेते, तर चार इंची मार्बल कटर बारा हजारांवर जातो. पात्यावरचा आकडा यंत्राच्या आकड्यापेक्षा मोठाच हवा. उलट चूकही करू नये. मार्बल कटरला लाकडाचे दातेरी पाते लावणारे सुतार आपण पाहिले आहेत. ते पाते अडकले की यंत्र उसळते आणि हात वाचत नाही.

दुसरी, लाकडाच्या करवतीवर पाणी कधीही ओतू नये. तिची मोटर पाण्यापासून बंदिस्त नसते, आणि इथली वीज २३० व्होल्टची आहे. पाण्याने कापायचे तर पाण्याची नळी जोडायची सोय असलेले यंत्रच हवे, आणि तेही गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमधून जोडलेले.

तिसरी, एका दमात कापू नये. आधी उथळ रेघ पाडावी, मग हळूहळू खोल जावे. दोन्ही बाजूंना दगडाला आधार द्यावा.

चौथी सर्वांत महत्त्वाची. धूळ. ग्रॅनाइटमध्ये पाव ते निम्मा भाग गारेचा, म्हणजे सिलिकाचा असतो. त्याची डोळ्यांना न दिसणारी भुकटी फुप्फुसात जाऊन बसते आणि परत येत नाही. नाकाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. त्यासाठी तोंडावर घट्ट बसणारा धुळीचा खास मास्कच हवा.

हे ऐकताना मला लहानपणची पाटी आठवली. पाटीवरची पेन्सिल मध्य प्रदेशातल्या मंदसोर भागात दगडातून कापीत, आणि ती कापायला विजेवरच्या गोल करवतीच असत. कोरडी कापणी, बंद खोली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्या कारागिरांची पाहणी केली. १९८५ मध्ये ती प्रसिद्ध झाली, तेव्हा तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस आढळला होता. आपण अ, आ, इ गिरवीत होतो, तेव्हा त्या पेन्सिली कापणाऱ्यांचा श्वास कमी होत होता. अलीकडे ओट्यासाठी जो बनावटी क्वार्ट्झचा दगड निघाला आहे, त्यात सिलिकाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. कारागिरांचे हाल पाहून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. माझी कापणी दोन मिनिटांची होती. दगडाच्या दुकानातला पोरगा तेच काम रोज आठ तास करतो. म्हणून तुम्ही कापायला टाकाल तेव्हा तिथे पाणी चालू आहे ना, एवढे जरूर पाहा. नसेल तर दुसरे दुकान धरा.

पुढच्या आठवड्यात मी निमूटपणे दगड घेऊन गेलो. पाण्याची धार, पाच मिनिटे, दोन दिनार. धुळीचा कण नाही. फळी ओट्याला बसली, मिक्सर तिच्यावर विराजमान झाला. वहिनींचे कपडे सौ.ने आमच्या मशीनमध्ये धुऊन, वर लाडवांचा डबा ठेवून परत केले.

उरलेला नऊ इंचांचा तुकडा तुळशीच्या कुंडीखाली ठेवला आहे. त्याच्या कडेला माझ्या करवतीने पाडलेली वेडीवाकडी खाच अजून दिसते. शुक्रवारी नवे काम काढले की सौ. काही बोलत नाही. फक्त तुळशीला पाणी घालताना त्या खाचेवरून ओला हात फिरवते.