लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड : खर्चाआधी तपासा ‘रस्त्याची रुंदी’

शिरूर / दौंड : मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकी, वास्तुरचना अथवा ॲनिमेशनच्या शिक्षणासाठी पुण्याला जाऊ लागली, की घरात पहिली मोठी खरेदी होते ती लॅपटॉपची. शिरूरहून एसटीने किंवा दौंडहून रेल्वेने रोज ये-जा करणाऱ्याला टेबलावरचा संगणक सोबत नेता येत नाही. दोन-तीन वर्षांनी मात्र त्रिमितीय आराखडे, चित्रफितींचे संकलन अशी कामे वाढतात आणि तोच लॅपटॉप अडखळू लागतो. अशा वेळी नवा लॅपटॉप घ्यावा की आहे त्याचीच ताकद वाढवावी, असा प्रश्न पालकांपुढे उभा राहतो.

लॅपटॉपची रॅम अनेकदा वाढवता येते, हार्ड डिस्कही बदलता येते. ग्राफिक्सची चिप मात्र बहुतेक लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. ती बदलणे व्यवहार्य नसते. यावर उपाय म्हणजे टेबलावरच्या संगणकात बसणारे मोठे ग्राफिक्स कार्ड वेगळ्या पेटीत बसवून केबलने लॅपटॉपला जोडणे. हा उपाय खराच उपयोगी आहे; पण तो प्रत्येक लॅपटॉपला आणि प्रत्येक कामाला लागू पडतोच असे नाही.

सोळापदरी आणि चौपदरी

संगणकाच्या आत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातील माहितीची ने-आण ‘पीसीआय एक्स्प्रेस’ या मार्गाने होते. या तंत्राच्या जडणघडणीत वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर आणि ‘इंटेल’चे तत्कालीन अभियंते अजय भट्ट यांचा मोठा वाटा आहे. या मार्गाला रस्त्याप्रमाणेच लेन असतात. टेबलावरच्या संगणकात ग्राफिक्स कार्डासाठी बहुधा १६ लेन राखून ठेवलेल्या असतात. लॅपटॉपमधून बाहेर मात्र चार किंवा त्याहून कमी लेन मिळतात. पुण्याहून सुसाट निघालेली वाहने शिक्रापूरच्या चौकात जशी तुंबतात, तशीच गत येथे माहितीची होते. कार्ड कितीही शक्तिशाली असले, तरी अरुंद रस्त्यावर त्याला वाट पाहावीच लागते.

एक्स्प्रेसकार्ड ते थंडरबोल्ट

ही कल्पना नवी नाही. २००३ मध्ये आलेल्या ‘एक्स्प्रेसकार्ड’ या खाचेतून पीसीआय एक्स्प्रेसची एक लेन लॅपटॉपच्या बाहेर आली. तिचा वेग सेकंदाला २५० मेगाबाइट, म्हणजे त्या काळच्या १६ लेनच्या मार्गाचा केवळ सोळावा हिस्सा होता. याच खाचेतून चालणारी बाह्य ग्राफिक्स पेटी ‘असूस’ने जानेवारी २००७ मध्ये सादर केली, पण ती फारशी रुजली नाही.

खरा फरक पडला तो ‘थंडरबोल्ट’मुळे. हे तंत्र २०११ मध्ये बाजारात आले. २०१५ च्या थंडरबोल्ट ३ ने सेकंदाला ४० गिगाबिटचा वेग दिला. त्यातील कमाल ३२ गिगाबिट, म्हणजे सुमारे चार गिगाबाइट, पीसीआय एक्स्प्रेसच्या वाट्याला येतात. ‘ॲपल’ने २०१८ मध्ये इंटेल प्रोसेसरच्या मॅक संगणकांवर ही सोय अधिकृतपणे दिली. २०२० पासून आलेल्या स्वतःच्या चिपच्या मॅकसाठी मात्र तिने अशी सोय ठेवली नाही. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या थंडरबोल्ट ५ चा वेग ८० गिगाबिट आहे. ‘ऑक्युलिंक’ ही आणखी एक थेट जोडणी आहे. पण ती मोजक्याच लॅपटॉपमध्ये आढळते.

कोणत्या कामाला किती लाभ?

त्रिमितीय दृश्याचे रेंडरिंग करताना सगळी माहिती बहुधा एकदाच कार्डाच्या स्मृतीत भरली जाते आणि पुढचे गणित कार्ड स्वतःच करते. त्यामुळे अरुंद रस्त्याचा फटका कमी बसतो. गेममध्ये माहितीची ये-जा अखंड चालू असल्याने तो अधिक जाणवतो. तयार झालेले चित्र पुन्हा लॅपटॉपच्याच पडद्यावर आणायचे झाले, तर तेही त्याच रस्त्याने परत येते. म्हणून मॉनिटर थेट बाहेरच्या कार्डाला जोडणे केव्हाही चांगले. लॅपटॉपचा प्रोसेसरच कमकुवत असेल, तर कार्ड बदलूनही वेग फारसा वाढत नाही.

वीज गेली तर?

ग्रामीण आणि निमशहरी भागात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो. बाहेरचे कार्ड मात्र त्याच क्षणी बंद पडते. त्यामुळे संगणक गोठतो आणि न साठवलेले काम वाया जाऊ शकते. दोन-अडीचशे वॅटचे कार्ड म्हणजे जवळपास तीन छतपंख्यांचा भार. घरच्या इन्व्हर्टरवर तो टाकण्यापूर्वी त्याची क्षमता पाहावी. स्वतंत्र यूपीएस असल्यास उत्तम. पेटीच्या वीजजोडणीला योग्य अर्थिंगही हवे.

खरेदीपूर्वी हे तपासा

- यूएसबी-सी आकाराचे प्रत्येक पोर्ट थंडरबोल्ट नसते. पोर्टजवळ विजेचे चिन्ह आहे का ते पाहावे आणि माहितीपत्रकातून खात्री करावी. यूएसबी ४ असल्यास पीसीआय एक्स्प्रेसची सोय आहे का, हे निर्मात्याकडून जाणून घ्यावे.
- पेटी, पॉवर सप्लाय आणि कार्ड असा तिहेरी खर्च धरावा. काही पेट्यांसोबत पॉवर सप्लाय येतो, काहींसोबत नाही. कार्डाची लांबी पेटीत मावते का, तेही मोजावे.
- पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा अन्यत्र जुने कार्ड घेताना ते समोर चालवून पाहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘इथेरियम’ चलनाची कार्डांवरील ‘मायनिंग’ पद्धत बंद झाली आणि दीर्घकाळ अखंड राबवलेली अनेक कार्डे जुन्या बाजारात आली.
- लॅपटॉप उघडून आतील एम.२ खाचेला केबल जोडण्याचा मार्ग स्वस्त असतो. मात्र त्यासाठी बहुधा एसएसडीची जागा द्यावी लागते, वॉरंटीचा प्रश्न येतो आणि काही लॅपटॉपचे बायोस असे कार्ड स्वीकारत नाही.

अखेर हिशेब सोपा आहे. लॅपटॉपला योग्य पोर्ट आहे, प्रोसेसर पुरेसा आहे आणि जड काम घरी एका जागी बसूनच करायचे आहे, तर बाहेरचे कार्ड नव्या लॅपटॉपचा खर्च पुढे ढकलू शकते. यापैकी पहिलीच अट पूर्ण होत नसेल, तर पेटीच्या मोहात न पडता रॅम आणि एसएसडी वाढवावी. तेवढ्याने भागत नसेल, तर तेच पैसे घरी ठेवण्याच्या साध्या डेस्कटॉपवर खर्च करावेत. कार्डाची किंमत विचारण्याआधी लॅपटॉपच्या कडेचे पोर्ट नीट पाहिले, तर हजारो रुपये वाचू शकतात.