येत्या वर्षासाठी एक इच्छासूची : यंत्राला ‘अडीचशे’ कळावे

डिसेंबर उजाडला की बँकेच्या शाखाशाखांतून नव्या दिनदर्शिकेची विचारणा सुरू होते. भिंतीवर नवे वर्ष टांगले जाते, घरोघरी संकल्प सोडले जातात आणि संकल्पांच्या जोडीने काही इच्छाही मनात घर करतात. तंत्रज्ञानाविषयीच्या इच्छा म्हटल्या की अधिक वेगवान फोन, अधिक मोठा पडदा असेच काही डोळ्यांपुढे येते. मराठी ग्राहकाची यादी याहून साधी आणि म्हणूनच कदाचित पुरी व्हायला अवघड आहे. यंत्राला मराठी कळावी आणि तीही रोखपालाला कळते तशी कळावी, एवढेच त्याचे मागणे आहे.

“अडीचशे काढायचेत, बाकीचे राहू द्या,” असे खिडकीवर सांगितले की रोखपालाला पुढे काही विचारावे लागत नाही. स्लिप भरता येत नसेल तर शेजारचा कोणी भरून देतो. रक्कम हाती पडण्यापूर्वी ती तोंडाने एकदा पक्की केली जाते. खिडकीवरचे हे काम आता मोठ्या प्रमाणावर यंत्राकडे आणि हातातल्या फोनकडे गेले आहे. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून अहोरात्र, सुटीच्या दिवशीही चालू असते. रांगा घटल्या, वेळ वाचला. हे लाभ कोणी नाकारणार नाही. मात्र खिडकीवर होणाऱ्या त्या दोन वाक्यांच्या संभाषणाची जागा पुष्कळदा इंग्रजी सूचनांनी घेतली आहे.

महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाला ही उणीव अधिक जाणवते. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख असून हिंदी व बंगाली यांच्यानंतर मराठीचा क्रमांक लागतो. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बंगळुरू, तंजावर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे आहेत. शाखेतील फलक हिंदी, इंग्रजी आणि त्या प्रदेशाच्या भाषेत असतात, आणि तसेच असणे रास्त आहे. चेन्नईच्या शाखेत मराठी फलक लावा असे कोणी म्हणणार नाही. चलनी नोटेची गोष्ट निराळी. तिच्यावरील भाषापट्टीत पंधरा भाषा असून मराठी त्यांत आठवी, म्हणजे बरोबर मधोमध आहे. नोट कोणत्याही राज्यात गेली तरी ती ओळ पुसली जात नाही. फोनच्या पडद्यालाही फलकासारखी प्रदेशाची मर्यादा नाही. चेन्नईतील एका ग्राहकाचा पडदा तमिळ आणि त्याच्या शेजाऱ्याचा मराठी असू शकतो, आणि त्यासाठी भिंतीवर एक खिळाही ठोकावा लागत नाही.

भाषा निवडण्याची सोय आज अनेक ठिकाणी आहेच, असे यावर कोणी म्हणेल. सोय आहे, पण ती निवडल्यावर जे वाचायला मिळते ते मराठी असतेच असे नाही. संदर्भ न उमगलेल्या अनुवादयंत्राच्या हाती व्याजाचे ‘स्वारस्य’ होते, मुद्दलाचे ‘प्राचार्य’ होतात आणि खात्यातील शिल्लक ‘संतुलन’ बनून समोर येते. ग्राहक क्षणभर हसतो आणि पुन्हा इंग्रजीकडे वळतो. दुसऱ्या टोकाला, कोणी कधी उच्चारत नाही अशा जडजंबाल संस्कृतप्रचुर शब्दांची रांग असते. शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, तेव्हा कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. त्या कार्याचे मोल मोठेच आहे. तरीही जमा, खर्च, रक्कम, कर्ज, वसूल, तारीख हे अरबी-फारसी कुळातील शब्द आजही आपल्या खातेवहीत सुखाने नांदत आहेत, कारण ते लोकांनी आपलेसे केले. धनादेश की चेक, या वादात वर्षे घालवण्याचे कारण नाही. लेखी पत्रात धनादेश शोभतो, बोलताना चेक चालतो. पडद्यावर मात्र जो शब्द वाचून बोट अडखळणार नाही तोच असावा.

शब्दाची निवड ही केवळ सौंदर्याची बाब नाही, हे ‘नॉमिनी’ या एका शब्दावरून दिसेल. बोलण्यात आणि क्वचित छापील कागदावरही त्याचा अर्थ ‘वारस’ असा केला जातो. कायद्याने हे दोन वेगळे आहेत. खातेदाराच्या पश्चात बँकेकडून रक्कम स्वीकारण्याचा अधिकार नामनिर्देशित व्यक्तीला असतो; पण तेवढ्याने ती रकमेची मालक होत नाही. मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ठरते. बँक खात्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधील निकालात हेच स्पष्ट केले आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चारपर्यंत नामनिर्देशने करण्याची मुभा मिळाली, त्यामुळे तर नेमक्या शब्दाची निकड वाढली आहे. ‘वारसाचे नाव लिहा’ असे वाचून थोरल्या मुलाचे नाव टाकणाऱ्या वडिलांना, आपण पैसे त्याच्या एकट्याच्या नावे करून ठेवले असे वाटू शकते. आणि दोन भावांत पुढे जे वितुष्ट येते त्याचे मूळ एका चुकीच्या अनुवादात असू शकते.

कर्जाच्या बाबतीत नियमाने एक पाऊल पुढे टाकले आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या नव्या मुदत कर्जांसाठी मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले. हे विवरणपत्र कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे आणि त्याला ते समजावून सांगावे, असेही त्यात नमूद आहे. व्याजासह सर्व आकार धरून कर्जाचा वार्षिक खर्च किती टक्के पडतो, हे त्यात एका ठिकाणी दिसते. हा नियम शब्दशः पाळून भागणार नाही. ‘समजेल अशा’ या दोन शब्दांत सारे आले. येत्या वर्षी हे विवरणपत्र मराठीत मागणाऱ्यांची संख्या वाढावी, हीही एक इच्छा यादीत घालायला हवी. मागणी आली की छपाईही सुधारते.

सर्वांत तातडीची इच्छा सूचनांविषयी आहे. व्यवहार सुरळीत होत असतो तोवर पडद्यावरील भाषा कोणतीही असली तरी सवयीने निभावते. बोट थांबायला हवे अशा क्षणी मात्र आपली भाषा लागते. ‘तुम्हाला पैसे पाठवले आहेत, पिन टाकून स्वीकारा’ असे सांगून अनेकांना फसवले गेले आहे. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी कधीही लागत नाही. एवढे एकच वाक्य पिन मागणाऱ्या पडद्यावर, रकमेच्या शेजारी, ठळक मराठीत असावे : ‘हे पैसे तुमच्या खात्यातून जातील.’ व्यक्तीव्यक्तींमधील पैसे मागण्याची विनंती १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर बंद करण्यात आली, त्यामुळे फसवणुकीची एक वाट बुजली. बँकांची संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली आणण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत देण्यात आली होती. हे उपाय योग्यच आहेत. पण ज्याला ते नाव इंग्रजीत वाचता येत नाही, त्याच्यापर्यंत हे संरक्षण अर्धेच पोहोचते. फसवणुकीची तक्रार नोंदवण्याचा १९३० हा क्रमांक मात्र अंकांतच असल्याने सर्व भाषकांना सारखा आहे. तो पासबुकाच्या पहिल्या पानावर छापला तरी हरकत नसावी.

यादीत पुढची इच्छा नावांची आहे. देवनागरीत लता ही लताच. रोमन लिपीत तिच्या ‘त’साठी महाराष्ट्रात नुसते टी लिहितात, तर दक्षिणेत त्यापुढे एचही जोडतात. पुण्याहून चेन्नईला गेलेल्या गीताबाईंच्या एका कागदपत्रात एच असतो आणि दुसऱ्यात नसतो. गायकवाड हे आडनाव बडोद्याच्या राजघराण्यामुळे देशभर ठाऊक आहे, पण त्याची रोमन वर्णरचना किमान दोनतीन प्रकारे होते. ग्वाल्हेरचे शिंदे तर इंग्रजीत सिंधिया होऊन बसले. राजघराण्याला याचा त्रास होत नाही. निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेला होतो. आधार, पॅन आणि पासबुक यांवरील वर्णरचना जुळत नाही म्हणून प्रतिज्ञापत्र करावे लागते, खेटे घालावे लागतात. शाखेतील कर्मचाऱ्याला समोरची बाई खरी आहे हे दिसत असते, आणि तरीही संगणक ते मानत नाही. आधारपत्रावर इंग्रजीबरोबर भारतीय भाषेतही नाव छापलेले असते. ते देवनागरी नाव पडताळणीत विचारात घ्यावे, निदान रोमन वर्णरचनेतील अशा परिचित फरकांना यंत्राने ओळख दाखवावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. अर्थात एका नावाच्या दोन व्यक्ती असू शकतात, म्हणून जन्मतारीख आणि इतर खुणा तपासायच्याच आहेत.

आता ‘अडीचशे’कडे वळू. बोलून पैसे देण्याची सोय हळूहळू रूढ होत आहे. साध्या फोनधारकांसाठी यूपीआय १२३पे ही सेवा ८ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. शासनाच्या ‘भाषिणी’ उपक्रमाचाही २०२२ मध्येच आरंभ झाला, आणि भारतीय भाषांतील बोलणे यंत्राला समजावे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. मराठी माणूस रकमा कशा सांगतो, याचा येथे कस लागतो. तो एकशे पंचवीस म्हणत नाही, सव्वाशे म्हणतो. एकशे पंचाहत्तर म्हणजे पावणेदोनशे, पंधराशे म्हणजे दीड हजार, आणि पंचाहत्तरला तो पाऊणशे म्हणतो. पावणेदोन हे दोनपेक्षा कमी आणि सव्वादोन हे दोनपेक्षा जास्त. ‘दोन’ एवढेच ऐकणाऱ्या यंत्राचा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकणार. एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतात, पण ते साठ नव्हेत. पंच्याऐंशी हजार आणि पंच्याण्णव हजार यांच्या उच्चारात अंतर थोडे, खात्यात मात्र दहा हजारांचे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची सोपी पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! मुलांसाठी ती सोय योग्य की अयोग्य हा शिक्षणतज्ज्ञांचा प्रश्न. पण यंत्रासाठी मराठी माणसाने आपली संख्यानामे बदलावीत, हे उलटे गाडे झाले. बदलायचे ते यंत्राने. तोवर निदान ऐकलेली रक्कम त्याने एकदा मोठ्याने उच्चारून दाखवावी आणि अंकांतही लिहून दाखवावी, रोखपाल दाखवतो तशी. धनादेशावर अक्षरी आणि अंकी रकमेत तफावत असेल तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरावी, असे १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम सांगतो. शब्दाला अंकापेक्षा वरचे स्थान देणारा हा कायदा बोलत्या यंत्रांच्या निर्मात्यांनी अवश्य वाचावा.

व्यवहाराच्या पलीकडेही काही इच्छा उरतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. आनंद झाला, सत्कार झाले. त्या वारशाचा केवढा तरी भाग मात्र आज सामान्य मराठी वाचकाला वाचताच येत नाही, कारण तो मोडी लिपीत आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर मुख्यतः मोडीत आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, जे दुसरे सरफोजी राजे यांनी वैभवाला नेले, मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. खुद्द बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा मराठी इतिहास १८०३ मध्ये देवनागरीत कोरलेला असल्याने तो तरी अक्षर लावून वाचता येतो. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, आणि मोडी मजकुराचे देवनागरीत लिप्यंतर करणाऱ्या यंत्रप्रणालीवर रुरकीच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२५ मध्ये काम पुढे आणले. घराच्या माळ्यावरील पेटीत पणजोबांचे एखादे खत, एखादा रोखा असतो आणि तो कर्जाचा आहे की कर्ज फिटल्याचा, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. फोनने त्याचे छायाचित्र घ्यावे आणि खाली बालबोध अक्षरे उमटावीत, एवढे साधले तरी अनेक घरांना आपला पूर्वज भेटेल. कज्जेदलालीच्या कामी अर्थातच जाणकाराच्या सहीशिवाय असे वाचन ग्राह्य धरू नये.

यादीच्या तळाशी एक लहानशी मागणी आहे, ज्येष्ठांची. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक असण्याची मराठी रीत पडली. ज्यांनी आयुष्यभर हे अंक वाचले त्यांच्यापैकी अनेकांची नजर आता छापील ओळीवर ठरत नाही. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाल्याने त्यांचे लेखन २०११ पासून स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. ते आणि तसेच इतर मुक्त साहित्य सुबक आवाजात ऐकायला मिळणे अशक्य नाही. यंत्राचा मराठी आवाज आज मिळतो, परंतु ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतील झ लिहायला एकच असला तरी उच्चारायला वेगळा आहे, हे त्याला नेहमी उमगतेच असे नाही. ते येत्या दिवाळीपर्यंत साधले, तर इंदुरातल्या एखाद्या आजी आपला अंक नातवाची वाट न पाहता ऐकू लागतील.