विश्लेषण : जुन्या नाण्यांची दुकाने चोरांना सोपी का वाटतात? विक्रेत्यांनी काय करावे?

सप्टेंबर २०२४ मधली गोष्ट. भोपाळच्या राज्य संग्रहालयात एक माणूस रविवारी रीतसर तिकीट काढून शिरला आणि दारे बंद होण्याच्या वेळी आतच लपून बसला. सोमवारी संग्रहालयाला सुट्टी असते, हे त्याला ठाऊक होते. रात्री त्याने काचपेट्या फोडल्या आणि सोन्याची जुनी नाणी पिशवीत भरली. पण बाहेर पडण्यासाठी उंच भिंत चढताना तो पडून जखमी झाला. मंगळवारी कर्मचाऱ्यांनी संग्रहालय उघडले तेव्हा चोर आणि नाणी दोन्ही आतच सापडली. भिंत थोडी ठेंगणी असती तर कोट्यवधींची नाणी गेली असती.

नागपूरहून भोपाळ रेल्वेने एका रात्रीच्या आत गाठता येते. नागपूरच्या अजब बंगल्यातही नाण्यांचा मोठा ठेवा आहे. १९३९ मध्ये तऱ्हाळ्याला सापडलेल्या सातवाहन नाण्यांसाठी अभ्यासक हे संग्रहालय ओळखतात. संग्रहालयाला निदान सरकारी पहारा तरी असतो. जुन्या नाण्यांचा व्यापार मात्र बहुतेक ठिकाणी दहा बाय बाराच्या गाळ्यात किंवा घराच्या पुढच्या खोलीत चालतो. मालक एकटा, फार तर एक मदतनीस. लाखोंचा माल एका हातपिशवीत मावतो आणि त्या मालाची यादी अनेकदा फक्त मालकाच्या डोक्यात असते.

सराफापेक्षा नाणेविक्रेत्याचा धोका वेगळा कसा?

नाणेविक्रेत्याकडे दोन प्रकारचा माल असतो आणि चोरीनंतर दोन्हींची वाट वेगळी होते. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. २०२५ मध्ये चांदी किलोमागे एक लाख रुपयांच्या पुढे गेली, म्हणजे अशा सामान्य रुपयात नुसती धातूचीच किंमत हजाराच्या वर झाली. असे पाचशे रुपये चोरणाऱ्याला नाण्यांचे काहीही कळावे लागत नाही. मुशीत टाकले की तासाभरात त्यांची लगड होते आणि पुढे पुरावा म्हणून काहीही उरत नाही.

दुर्मीळ नाण्याचे याच्या उलट असते. त्याची खरी किंमत फक्त जाणकारच देतो आणि जाणकार ते ओळखण्याची शक्यताही जास्त. अर्थात, ओळखण्यासाठी त्याने आधी ते कुठेतरी पाहिलेले असावे लागते.

जगातली दोन उदाहरणे शेजारी ठेवली की हा फरक दिसतो. मार्च २०१७ मध्ये बर्लिनच्या बोडे संग्रहालयातून १०० किलो सोन्याचे कॅनडाचे एकच महाकाय नाणे चोरीला गेले. चोर पकडले गेले, २०२० मध्ये त्यांना शिक्षाही झाली, पण नाणे आजवर मिळालेले नाही. ते तुकडे करून वितळवले असावे असाच अंदाज आहे. याउलट १९६७ मध्ये अमेरिकेत मायामीजवळ ड्यू पाँ कुटुंबाच्या घरावर बंदूकधाऱ्यांनी दरोडा घातला आणि हजारो नाणी नेली. त्यात दोन अतिदुर्मीळ चांदीचे डॉलर होते. त्यातला एक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सापडला आणि दुसरा थेट २००४ मध्ये, ३७ वर्षांनी. ही नाणी छायाचित्रांसह नोंदलेली होती, म्हणून इतक्या वर्षांनंतरही पाहणाऱ्याला ती ओळखता आली.

म्हणून चांदीचा ढीग आणि निवडक नाणी यांची सुरक्षा सारखीच ठेवून चालत नाही. ढिगाला भक्कम तिजोरी आणि विमा हवा. निवडक नाण्यांना त्याशिवाय छायाचित्रांची वही हवी.

ही वही कशी असावी?

या विषयात सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होते. कॅमेऱ्यांवर हजारो रुपये खर्च करणारा विक्रेता दहा रुपयांची वही ठेवत नाही.

आपल्याकडच्या नाण्यांची एक सोय आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळातले रुपये हाताने पाडलेले. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा वेगळा तुकडा उमटतो. कडेची चीर, सराफांनी पारखताना मारलेल्या खुणा, चकतीचा वाकडेपणा, हे सगळे त्या एका नाण्याचे असते. बोटाच्या ठशासारखेच म्हणा ना. दोन्ही बाजूंचे स्पष्ट छायाचित्र, दोन दशांशांपर्यंत वजन, व्यास, कोणाकडून आणि कधी घेतले, एवढी नोंद असली तर पोलिसांसमोर आणि न्यायालयात ‘हेच माझे नाणे’ असे ठामपणे सांगता येते.

यंत्रावर पाडलेली ब्रिटिशकालीन नाणी मात्र एकसारखी दिसतात. त्यांतली किमती नाणी प्रमाणित करून क्रमांकाच्या सीलबंद डबीत ठेवलेली असतील तर तो क्रमांक टिपावा. चोर डबी फोडू शकतो, पण फोडली की किंमतही पडते. या नोंदींची एक प्रत दुकानाबाहेर असावी. दुकानातला संगणक माल घेऊन जाणाऱ्याबरोबरच जाऊ शकतो.

माहिती फुटते कुठून?

२८ सप्टेंबर २०१६ ला नागपूरच्या जरीपटका भागात, भीम चौकातल्या मणप्पुरम फायनान्सच्या शाखेवर भरदिवसा सशस्त्र दरोडा पडला. सुमारे ३१ किलो सोने गेले आणि तपासाचे धागे पुढे बिहारपर्यंत पोचले. बर्लिनच्या प्रकरणात दोषी ठरलेल्यांपैकी एक जण त्याच संग्रहालयात पहारेकरी म्हणून काम केलेला होता. एवढी मोठी चोरी आतली माहिती किंवा आधीची टेहळणी असल्याशिवाय सहसा होत नाही.

नाण्यांच्या धंद्यात ही टेहळणी फार स्वस्तात होते, कारण विक्रेते स्वतःच माहिती देतात. नवा माल आला की व्हॉट्सॲपच्या गटावर छायाचित्र, मागे तिजोरी दिसतेय. प्रदर्शनाला निघाले की ‘उद्यापासून पुण्यात, स्टॉलवर भेटा’. म्हणजे माल कोणत्या दिवशी रस्त्यावर असेल आणि दुकान कोणत्या दिवशी रिकामे, दोन्ही कळले. जाहिरात बंद करा असे कोणी सांगणार नाही, धंदा त्यावरच चालतो. पण नाण्याचे छायाचित्र पांढऱ्या कागदावर घ्यावे आणि प्रवासाची वेळ, गाडी, मुक्काम कोणाला सांगू नये, एवढे नक्की जमते.

दुकानापेक्षा रस्ता जास्त धोक्याचा

अमेरिकेत नाणेविक्रेत्यांवरच्या गुन्ह्यांची माहिती गोळा करणारी एक स्वतंत्र संस्था आहे. प्रदर्शनाहून परतणाऱ्या विक्रेत्याचा पाठलाग होतो, हा तिचा जुना इशारा. तो जेवायला थांबला की टायरमध्ये हवा राहत नाही आणि मदतीला आलेले लोकच पिशवी घेऊन जातात. नागपूरकरांना हे ऐकून आश्चर्य वाटू नये. ‘गाडीतून ऑईल गळतंय’, ‘तुमच्या नोटा खाली पडल्यात’, किंवा साध्या वेशातल्या तोतया पोलिसाचे ‘पुढे तपासणी चालू आहे, किमती ऐवज रुमालात बांधा’ हे सगळे आपल्या शहरांत वर्षानुवर्षे चालत आलेले आहे. माल सोबत असताना गाडी पंक्चर झाली तर उतरू नये. हळू का होईना, पेट्रोल पंप किंवा पोलीस चौकीपर्यंत न्यावी. एक टायर खराब झाला तरी चालेल.

रेल्वेचा प्रश्न आणखी अवघड. नागपूर मोठे जंक्शन, त्यामुळे मुंबई, कोलकाता, चेन्नईच्या प्रदर्शनांना बहुतेक जण रेल्वेनेच जातात. प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाची चोरी झाली तर रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध केल्याशिवाय भरपाई मिळत नाही, असे १९८९ चा रेल्वे कायदा सांगतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीत चोरीला गेलेल्या एक लाख रुपयांच्या प्रकरणातही रेल्वेला जबाबदार धरले नाही. तेव्हा दोघांनी मिळून जाणे, आळीपाळीने झोपणे, पिशवी साखळीने बांधणे आणि सगळा माल एकाच पिशवीत न ठेवणे, हे करावेच लागते.

काउंटरवर काय बदलावे?

बंदूक घेऊन येणारे थोडे, हातचलाखी करणारे पुष्कळ. तिघे एकत्र येतात, एक अल्बम मागतो, दुसरा भाव विचारतो, तिसरा भलतेच काही दाखवायला सांगतो. यावर जुना सराफी नियमच चांगला: एका वेळी एकच ट्रे, आणि ट्रेमध्ये प्रत्येक खाच भरलेली. खाच रिकामी झाली की लगेच दिसते. खरे नाणे उचलून नकली ठेवण्याचा प्रकारही होतो, म्हणून किमती नाणे परत घेताना वजन करावे. हे गिऱ्हाइकाला अपमानास्पद वाटेल अशी भीती अनेकांना असते. पहिल्यापासून सर्वांसाठीच केले तर कोणाला काही वाटत नाही.

कॅमेरा छताला असेल तर टोपी घातलेल्याचा चेहरा येत नाही. एक तरी कॅमेरा दाराशी डोळ्यांच्या उंचीवर हवा आणि चित्रण दुकानाबाहेर साठले पाहिजे, कारण चित्रण साठवणारी पेटीच उचलून नेणे ही आता नेहमीची युक्ती झाली आहे. आतून बटण दाबल्याशिवाय न उघडणारे दार आणि ठरावीक वेळ गेल्याशिवाय न उघडणारी तिजोरी यांचाही उपयोग होतो. पण समोर शस्त्र असेल तर माल देऊन टाकावा. झटापट करू नये, पाठलागही करू नये.

विमा आहे, पण नाण्यांचा आहे का?

अनेक दुकानदारांकडे आग आणि घरफोडीचा विमा असतो. प्रमाणित आग-विम्यात सोने-चांदीच्या लगडी, नाणी, टपाल तिकिटे यांचा स्पष्ट उल्लेख करून घेतला नसेल तर ती वगळलेली असतात. घरफोडीच्या विम्यात बहुधा बळजबरीने आत शिरल्याची अट असते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट कंपनीच्या बाजूने मान्य केली. म्हणजे बनावट चावीने शांतपणे दार उघडून माल गेला तर दावा अडू शकतो. सराफांसाठी असलेली ‘ज्वेलर्स ब्लॉक’ पॉलिसी जास्त सोयीची. तिच्यात दुकानातला, सोबत नेलेला आणि पाठवलेला माल वेगवेगळ्या भागांत येतो. मात्र रात्री तिजोरीबाहेर राहिलेला माल आणि कोणी नसलेल्या गाडीतून गेलेला माल सहसा वगळलेला असतो. जुन्या नाण्याची किंमत धातूवर धरायची की बाजारभावावर, हे पॉलिसी घेतानाच लिहून घ्यावे.

चोरीचा माल दुकानात आला तर?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला कारण असून तो घेतला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जमिनीत सापडलेल्या नाण्यांचा प्रश्न वेगळा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी खोदकामात सापडलेली आणि लपवून ठेवलेली २१६ सोन्याची नाणी जप्त केली होती. अनोळखी माणूस मातीने माखलेली नाणी अर्ध्या भावात देत असेल तर ओळखपत्राची प्रत, सही आणि छायाचित्र घ्यावे. तो द्यायला तयार नसेल तर व्यवहार सोडावा.

चोरी झाल्यावर पहिल्या तासात

११२ वर फोन करावा आणि पंचनामा होईपर्यंत काच, काउंटर, कुलूप कशालाही हात लावू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, म्हणजे रेल्वेत भुसावळजवळ माल गेला तरी तक्रार नागपुरात उतरून देता येते. ती ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. तक्रारीत ‘जुनी नाणी, अंदाजे किंमत पाच लाख’ असे न लिहिता वहीतली यादी छायाचित्रांसह जोडावी. माल सापडल्यावर न्यायालयाकडून सुपूर्दनाम्यावर परत घेताना हीच यादी लागते. त्याच तासात ती छायाचित्रे इतवारीतल्या सराफांना आणि इतर शहरांतल्या नाणेविक्रेत्यांना पाठवावीत. चांदीचे साधे रुपये कदाचित तोवर मुशीत गेलेले असतील. पण निवडक नाणी विकायला चोराला याच लोकांकडे यावे लागणार आहे.