आधी गाठ आटवायची

‘पोट दाबू नये.’ कर्करोग झालेल्या मुलांच्या अनेक वॉर्डांत काही खाटांशी अशी पाटी असते, आणि ती मुख्यतः शिकाऊ डॉक्टरांसाठी असते. मूत्रपिंडाची गाठ, म्हणजे विल्म्स ट्यूमर, वरून टणक लागली तरी आतून ठिसूळ असू शकते. एकाच लेकराचं पोट पाच-सहा जणांनी चाचपलं तर ती फुटायची भीती असते. फुटली की पेशी पोटात सांडतात आणि सहज आटोक्यात येणारा आजार वरच्या टप्प्यात जातो.

माक्स विल्म्स या जर्मन सर्जनने १८९९ मध्ये या गाठींवर ग्रंथ लिहिला, म्हणून त्याचं नाव. आजार बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसतो. मूल खेळत असतं, जेवत असतं. आंघोळ घालताना आईच्या हाताला एका कुशीत काहीतरी कडक लागतं. मग घरात ‘जंत झाले असतील’, ‘पाणथरी वाढली असेल’ अशी चर्चा होते. काही भागांत अजूनही पोटावर बिब्बा घालतात, डागण्या देतात. गाठ मात्र आठवड्या-आठवड्याने वाढत असते.

अशी गाठ दिसली की कुणालाही वाटेल, लगेच काढून टाका. अमेरिकेत बहुधा तसंच करतात. युरोपातल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकापासून दुसरी वाट धरली: आधी चार आठवडे केमो, मग ऑपरेशन. सहा महिन्यांखालच्या बाळांचा अपवाद. दोन्ही वाटांनी जगणाऱ्या मुलांचं प्रमाण जवळपास सारखंच, दहातली नऊ. पण आपल्याकडे मुलं उशिरा येतात, गाठी मोठ्या असतात. मला आपल्यासाठी दुसरी वाटच शहाणपणाची वाटते. औषधं दोनच, व्हिनक्रिस्टीन आणि ॲक्टिनोमायसिन. पहिलं सदाफुलीपासून मिळतं, जी आपल्या अंगणात बारा महिने फुलते. (तिचा पाला घरी कुणी खाऊ नये, ती विषारी आहे.) दुसरं मातीतल्या जिवाणूंपासून. या औषधांनी गाठ बहुधा आटते आणि ऑपरेशनमध्ये फुटण्याचा धोका बराच कमी होतो.

खरं कसब ऑपरेशनच्या टेबलावर. पोटावर आडवा, ऐसपैस छेद घेतात. छोट्या छेदातून ओढाताण नको. मूत्रपिंडाच्या शिरेत गाठीची शेपूट शिरली आहे का, हे बोटांनी हलकेच तपासतात, कारण ती थेट हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेपर्यंत पोचलेली असू शकते. मग मूत्रपिंड भोवतीच्या चरबीसकट, वेष्टन न फाडता, अखंड बाहेर काढतात. जवळच्या लसिकाग्रंथी चांगल्या दिसल्या तरी तपासायला घ्याव्याच लागतात. त्या घेतल्या नाहीत तर आजाराचा टप्पा नक्की ठरत नाही आणि पुढचे उपचार चुकतात. दोन्ही बाजूंना गाठी असतील, तर जितकं मूत्रपिंड वाचेल तितकं वाचवायचं.

पोटातल्या सगळ्याच गाठी अशा नसतात. यकृताच्या हेपॅटोब्लास्टोमाचा माग रक्तातल्या अल्फा-फीटोप्रोटीनवरून काढतात. न्यूरोब्लास्टोमा फार लहरी: काही तान्ह्या बाळांत तो आपोआप विरतो, मोठ्या मुलांत मात्र हाडांपर्यंत पसरलेला सापडतो.

मुंबईत परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून उभं आहे आणि देशभरातून मुलं तिथे येतात. उपचार महिनोन् महिने चालतात; राहायला जागा नसली की आईबाप मधेच गावी परततात. म्हणून २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स अशा कुटुंबांना फुकट खोली देतात. माझ्या लेखी ती खोलीही उपचाराचाच भाग आहे.

मुलाच्या पोटात कडक काही लागलं, एक बाजू फुगलेली दिसली किंवा लघवीतून रक्त गेलं, तर जंताच्या औषधावर थांबू नका. गाठ पुन्हा पुन्हा दाबून पाहू नका, चोळू नका. त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या, आणि गाठ निघाली तर मुलांच्या कर्करोगाचे उपचार होतात त्या रुग्णालयातच मुलाला न्या.