आयर्लंडची श्रीमंती कुणाच्या खात्यात?

जुलै 2016 मध्ये आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाने आदल्या वर्षाचा विकासदर जाहीर केला : 26 टक्के. एका वर्षात अर्थव्यवस्था सव्वापट! प्रत्यक्षात लोकांचे पगार सव्वापट झाले नव्हते, तेवढे नवे कारखानेही उभे राहिले नव्हते. काही बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंट आणि तत्सम बौद्धिक संपदा कागदोपत्री आयर्लंडमध्ये आणली होती. तिच्यावर जगभरातून मिळणारा नफा आता आयर्लंडच्या हिशेबात जमा होऊ लागला. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी याला ‘लेप्रेकॉन अर्थशास्त्र’ म्हटले. लेप्रेकॉन म्हणजे आयरिश लोककथांतला सोन्याचा हंडा राखणारा बुटका.

पुढे 2017 मध्ये त्याच सांख्यिकी कार्यालयाने आपल्या देशापुरते वेगळे मोजमाप काढले, ‘सुधारित राष्ट्रीय उत्पन्न’. परदेशी कंपन्यांचे असे कागदी व्यवहार त्यातून वगळले जातात. हा आकडा जीडीपीच्या जेमतेम तीन-पंचमांश भरतो. म्हणून दरडोई जीडीपीच्या यादीत आयर्लंड जगात पहिल्या काही देशांत दिसले, तरी सामान्य आयरिश कुटुंबाची ऐपत त्या यादीवरून ठरवू नये. हे कुटुंब सुस्थितीत आहे, पण यादी सांगते तितके श्रीमंत नाही.

तरीही ही प्रगती खोटी म्हणता येणार नाही. हा देश कुठून निघाला ते पाहायला हवे. 1845 पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि बटाट्यावरच जगणाऱ्या गोरगरिबांची वाताहत झाली. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी गेली, त्याहून अधिक जहाजात बसून परागंदा झाली. त्या काळातही बेटावरून धान्य आणि जनावरे ब्रिटनला जातच होती. ही सल आयरिश मनातून अजून गेलेली नाही. 1922 मध्ये बेटाच्या 26 परगण्यांना स्वराज्य मिळाले, उरलेले सहा ब्रिटनकडे राहिले. पण स्वराज्यातही तरुणांचे देश सोडणे थांबले नाही. 1961 च्या जनगणनेत लोकसंख्या अवघी 28 लाख भरली.

वळण लागले ते 1958 मध्ये. वित्त खात्याचे सचिव टी. के. व्हिटेकर यांनी लिहिलेल्या अहवालाने बंदिस्त अर्थव्यवस्थेची दारे उघडण्याचा आग्रह धरला आणि पंतप्रधान शॉन लेमास यांनी तो अमलात आणला. शॅनन विमानतळाचे उदाहरण बोलके आहे. अटलांटिक ओलांडणारी विमाने तिथे इंधनासाठी थांबत. लांब पल्ल्याची जेट विमाने आली तेव्हा तो थांबा ओस पडण्याची भीती होती. म्हणून 1959 मध्ये विमानतळालगत करमुक्त औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. पुढे 1980 मध्ये ॲपल कॉर्क शहरात आली, 1989 मध्ये इंटेल डब्लिनजवळ. कंपनीकर 2003 पासून साडेबारा टक्के होता. बड्या कंपन्यांसाठी तो 2024 पासून 15 टक्के झाला आहे. आयर्लंडच्या यशाचे सगळे श्रेय या कमी कराला देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती मला पटत नाही. 1967 मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झाले, 1973 मध्ये युरोपची बाजारपेठ खुली झाली. इंग्रजी बोलणारी शिकलेली पिढी तयार नसती, तर नुसत्या करसवलतीला कोण भुलले असते?

कमी कराची एक किंमतही आहे. कंपनीकराचा निम्म्याहून अधिक भरणा जेमतेम दहा कंपन्या करतात. ॲपलकडून 13 अब्ज युरोंचा थकीत कर वसूल करा, असे युरोपीय आयोगाने 2016 मध्ये फर्मावले, तेव्हा आयर्लंडचे सरकारच त्याविरुद्ध न्यायालयात गेले. स्वतःच्या तिजोरीत येणारा पैसा नको म्हणून सरकारने आठ वर्षे खटला लढवला आणि 2024 मध्ये तो हरले. इतक्या थोड्या कंपन्यांवर विसंबणे धोक्याचे असते, हे 2008 नंतर बँकांच्या बाबतीत होरपळलेल्या या देशाला वेगळे सांगायला नको. बुडत्या बँकांची हमी सरकारने घेतली आणि 2010 मध्ये 85 अब्ज युरोंच्या मदत योजनेसाठी युरोपापुढे आणि नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले.

राज्यपद्धती मात्र या सगळ्यात डगमगली नाही. पंतप्रधानाला ‘तीशख’ म्हणतात, लोकसभेला ‘डॉइल’. मतदार उमेदवारांना 1, 2, 3 असे पसंतीक्रम देतो, कोटा ठरतो, शिल्लक मते पुढच्या पसंतीकडे सरकतात. आपल्याकडे विधान परिषद आणि राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार जे करतात, ते तिथे प्रत्येक नागरिक करतो. मोजणी कधी कधी काही दिवस चालते. ही पद्धत बदलण्याचा प्रस्ताव सत्ताधाऱ्यांनी 1959 आणि 1968 मध्ये सार्वमताला टाकला. लोकांनी दोन्ही वेळा तो फेटाळला. आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वेही 1937 च्या आयरिश घटनेवरून घेतलेली आहेत.

जाणाऱ्यांचा हा देश आता येणाऱ्यांचा झाला आहे. 2017 मध्ये तीशख झालेले लिओ वराडकर यांचे घराणे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. 2012 मध्ये गॉलवे शहरात मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचा गर्भपात नाकारला गेल्यानंतर मृत्यू झाला. 2018 च्या सार्वमतात 66 टक्के मतदारांनी घटनेतील गर्भपातबंदी उठवली, त्या प्रचारात सविता यांचे छायाचित्रही होते. पण 2025 मध्ये डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्लेही झाले आणि दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली.

सध्या सर्वाधिक अस्वस्थता आहे ती घरांची. तिजोरीत शिल्लक असूनही 16 हजारांहून अधिक बेघर माणसे सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यांत राहतात. भाडे परवडत नाही म्हणून कमावती मुले आईवडिलांकडे राहतात. एप्रिल 2024 पर्यंतच्या वर्षभरात दहा हजारांहून अधिक लोक ऑस्ट्रेलियाला निघून गेले. दुष्काळापूर्वी, 1841 मध्ये, या बेटावर 81 लाखांहून अधिक माणसे राहत होती. उत्तर आणि दक्षिण मिळून तिथली लोकसंख्या आजही 75 लाखांच्या आतच आहे.