पोटातील चरबी आणि यकृत

आटविलेली गाभण गाय भरपूर खुराकाने फार चरबीदार झाली, तर व्याल्यानंतर ती वैरणीस तोंड लावीत नाही व दुधास कमी पडते. अंगावरील चरबी वितळून रक्तावाटे यकृतात साचते, हे त्याचे कारण. दौंड-शिरूर भागातील संकरित गाईंच्या गोठेवाल्यांस ही गोष्ट ठाऊक असते. माणसाचे यकृतही असेच चरबीने भरते. मात्र येथे अंगाने सडपातळ दिसणाराही सुटत नाही.

चरबी म्हणजे कणगीत भरून ठेवलेले धान्य, अशी पूर्वी समजूत होती. १९९४ साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन हे संप्रेरक शोधून काढले आणि ती समजूत मागे पडली. चरबीच्या पेशींतून निघणारा हा स्राव 'आता पुरे' असा निरोप मेंदूस पोहोचवितो. चरबी फार वाढली की निरोप मोठ्या प्रमाणावर जातो, परंतु मेंदू तो ऐकेनासा होतो. ॲडिपोनेक्टिन हे दुसरे संप्रेरक यकृतातील चरबी जाळण्यास मदत करते व इन्सुलिनचे कार्य सुकर करते. पोटात चरबी वाढली की नेमके तेच घटते. मग यकृतात चरबी साचते व मधुमेहास वाट मिळते.

याविषयी पुणे जिल्ह्यातच मोलाचे संशोधन झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत माता व बालकांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो भरले. तथापि, वजनाच्या मानाने येथील बालकांच्या अंगी मांस कमी व चरबी अधिक आढळली. २००४ साली डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगी ९.१ टक्के व याज्ञिक यांच्या अंगी २१.२ टक्के!

म्हणून केवळ काट्यावर विसंबू नये. भांडगावसारख्या उसाच्या पट्ट्यात मोटार आता मोबाइलवरून चालू होते, विहिरीपर्यंत चालणेही उरलेले नाही; चहा मात्र पूर्वीइतकाच गोड आहे. गूळ निर्दोष, ही समजूतही यकृतापुढे टिकत नाही, कारण जादा गोडाची चरबी यकृतच बनविते. विकार आरंभी दुखत नाही. वजन जास्त असल्यास ते शेकडा ७ ते १० ने उतरविल्याने यकृताची सूजही कमी होते. भारत सरकारने २०२१ साली या विकाराचा राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश केला आहे.

ग्रामसेवकांनी सभेस येताना मोजपट्टी आणावी. कंबर पुरुषांची ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक भरल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीस पाठवावे. माप खालची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर घ्यावे. धोतराच्या अगर नाडीच्या गाठीवरून घेतलेले माप धरू नये.