लँडसीरचें हिमचित्र व फ्रँकलिन-मोहिमेचा पुरावा

सर एडविन लँडसीर या आंग्ल चित्रकारानें इ. स. १८६४ त काढलेलें एक चित्र इंग्लंडांतील रॉयल हॉलोवे महाविद्यालयांत आहे. ओसाड हिमप्रदेशांत जहाजाचे अवशेष विखुरले असून एक पांढरें अस्वल तांबडें निशाण दातांनीं फाडीत आहे; दुसरें मानवी बरगडी चघळीत आहे. 'मनुष्य योजितो, ईश्वर मोडितो' अशा अर्थाचें नांव चित्रास आहे.

प्रसंग सर जॉन फ्रँकलिन यांच्या मोहिमेचा. अमेरिकेच्या उत्तरेकडील जलमार्ग शोधण्यास इ. स. १८४५ त निघालेलीं 'एरेबस' व 'टेरर' हीं जहाजें हिमांत अडकलीं. १२९ माणसांपैकीं एकहि परतला नाहीं. उपासमारीनें खलाशांनीं मृत सोबत्यांचें मांस खाल्लें, ही इन्युइट लोकांची साक्ष डॉ. जॉन रे यांनीं इ. स. १८५४ त कळविली; परंतु डिकन्ससारख्या लेखकानें ती अविश्वसनीय ठरविली. दहा वर्षांनीं लँडसीरच्या चित्रांत नरमांस खातात तीं अस्वलें!

विसाव्या शतकाच्या अखेरीस खलाशांच्या अस्थींवर सुरीच्या खुणा आढळल्या. इन्युइटांच्या परंपरागत माहितीचें साह्य घेऊन केलेल्या शोधांत इ. स. २०१४ त 'एरेबस' हि सांपडलें. सबब आमचें मत असें कीं, हें चित्र घटनेचा पुरावा नसून तत्कालीन आंग्ल समाजास काय पाहणें सोसत होतें याचा पुरावा होय. घटनेचा पुरावा तोंडी साक्षींत होता. साक्ष कोणाची हें पाहून ती त्याज्य ठरविणें संशोधकास शोभत नाहीं. ती पारखूनच घ्यावी अथवा टाकावी.